भाड्याच्या घरातलं फर्निचर बिघडलं तर काय करायचं

पुण्यात नोकरी लागल्यावर आम्ही तिघी मैत्रिणींनी कोथरूडला एक फ्लॅट घेतला होता. आषाढ लागला आणि सिंकखालच्या कपाटाचा तळ ओला दिसायला लागला. पाइपाच्या जोडातून थेंब थेंब पाणी गळत होतं. आम्ही खाली एक डबा ठेवला. पुढच्या महिन्यात तळाची फळी फुगली, सनमायका सुटून वर आला. तो दिसू नये म्हणून आम्ही त्यावर साबणाचे पुडे रचून ठेवले. घर सोडताना घरमालकीण काकूंनी ते पुडे उचलले आणि डिपॉझिटमधून ९,००० रुपये कापले. पैशांपेक्षा त्यांचं एक वाक्य जास्त लागलं: "पाणी गळतंय हे सांगितलं असतंत, तर मी त्याच दिवशी प्लंबर पाठवला असता." त्या खरंच पाठवत असत. गीझर बिघडला तेव्हा दुसऱ्या दिवशी माणूस हजर होता.

त्यानंतर मी चार घरं बदलली. प्रत्येक घरात काही ना काही मोडलं, पण पुन्हा असा प्रसंग आला नाही. नव्याने घर घेणाऱ्यांना मी हेच सांगते की मोडणं टाळता येत नाही, लपवणं मात्र टाळता येतं. मोडलं त्याच दिवशी सांगायचं, मगच हात लावायचा. हे कसं करायचं ते आता क्रमाने सांगते. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स कराराला, म्हणजे आपल्या नेहमीच्या अकरा महिन्यांच्या कराराला, धरून आहे.

१. सामान आणण्याआधी फर्निचर तपासा

किल्ली हातात आली की टेम्पो येण्याआधी तासभर काढा, तोही दिवसाउजेडी. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये ओरखडे दिसत नाहीत.

प्रत्येक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. कपाटाचं प्रत्येक दार उघडून सोडा. ते आपोआप खाली झुकत असेल, तर बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. सिंकखालच्या फळीवरून हात फिरवा, फुगवटा डोळ्यांआधी बोटांना कळतो. बॉक्स बेडची झाकणं उचलून आतला प्लाय बघा. हायड्रॉलिक बेड असेल तर वर उचलून सोडा आणि तो वर टिकतो का ते पाहा. सोफ्याचं रेक्झिन शिवणीपाशी दुमडून बघा. भिंतीला लागून असलेलं कपाट थोडं पुढे सरकत असेल तर मागे डोकवा. मातीच्या बारीक नळ्यांसारख्या रेघा दिसल्या तर ती वाळवी. लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर ती वेगळी कीड. दोन्हींचा उपाय वेगळा असतो, म्हणून दोन्हींचे फोटो काढून ठेवा.

व्हिडिओ काढताना तोंडाने बोलत जा: "मोठी बेडरूम, डावं कपाट, खालून दुसरा ड्रॉवर, चॅनल अडकतंय." मग तो व्हिडिओ आणि फोटो त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. फोटो नुसते आपल्या फोनमध्ये राहिले तर ते कधी काढले यावर वाद होऊ शकतो. पाठवलेला संदेश दोघांकडे तारखेसह राहतो.

यासोबत एक यादी करा. "सोफा १" असं लिहून काही उपयोग नाही. असं लिहा: "तीन बैठकीचा सोफा, तपकिरी रेक्झिन, उजव्या हातावर दोन इंच फाटलेलं. डायनिंग टेबल, काच अखंड, एका खुर्चीचा पाय हलतो." ही यादी कराराला जोडा आणि दोघांच्या सह्या घ्या. करार ऑनलाइन नोंदवून देणाऱ्या एजंटला आधीच सांगितलं तर तो फर्निचरची यादी करारातच घालतो. नोंदणीच्या दिवशी, अंगठा देताना सांगितलं तर मात्र कुणाला वेळ नसतो.

नोंदणी टाळू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. "फर्निचरचं तोंडी ठरलंय, लिहायला कशाला हवं" असं कुणी म्हणालं तरी लिहूनच घ्या. तोंडी ठरलेलं अकरा महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं, आणि त्यात खोटं कुणीच बोलत नसतं.

२. मोडलं त्या घडीला

आधी कारण थांबवा. पाणी गळत असेल तर कॉक बंद करा, कपाट रिकामं करा, दारं उघडी ठेवून पंखा लावा. काच फुटली असेल तर चप्पल घालूनच आत जा, मोठे तुकडे जाड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा. कचऱ्यात टाकताना पुडीवर "काच" असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण ती पुडी उघड्या हाताने उचलणारं कुणीतरी असतं.

आवरण्याआधी फोटो घ्या. तुटलेला भाग, स्क्रू, बिजागरी, मूठ, काहीही फेकू नका. सगळं एका पिशवीत भरून ठेवा. तोच स्क्रू, तीच बिजागरी मिळवायला पुढे हा जुना नगच उपयोगी पडतो.

३. हे कुणाच्या खात्यावर?

प्रत्येक बिघाड तीनपैकी एका खात्यात जातो: आधीचा, झिजेचा, आपला.

आधीचा कोणता ते पहिल्या दिवसाची यादी सांगते. झिजेबद्दल बहुतेक करारांत एक वाक्य असतं: वापरामुळे होणारी सर्वसाधारण झीज सोडून बाकी घर होतं तसं परत करायचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही, भाडेपट्ट्याने घेतलेली जागा परत करताना वाजवी झीज वगळली आहे. लिव्ह अँड लायसन्स हा कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा नव्हे, परवाना आहे. त्यामुळे आपल्यासाठी करारातलं ते वाक्यच महत्त्वाचं. सही करण्याआधी ते आहे का ते शोधा, नसेल तर घालून घ्या.

आता झीज म्हणजे काय? हायड्रॉलिक बेडचा पंप काही वर्षांनी दम सोडतो, ती झीज. ड्रॉवर ज्या पट्टीवर सरकतो त्या चॅनलमधल्या गोळ्या झिजून बाहेर येतात, तीही झीज. रेक्झिनचे पापुद्रे निघतात ते आपल्याकडच्या दमट हवेमुळे. कुणी बसलं नाही तरी ते निघतात, बंद घरातल्या सोफ्यांचेही निघालेले मी पाहिलेत. पडद्याच्या फटीतून ऊन येऊन टेबलाचा रंग एका बाजूला उडणं ही झीजच. पण त्याच टेबलावर गरम कुकर थेट ठेवून डाग पडला, मांजरीने सोफा ओरबाडला, बेडवर उड्या मारून प्लाय मोडला, तर ते आपलं. तिथे हुज्जत घालू नका.

अवघड असतं ते मधलं. सिंकखालचा पाइप जुना होता, तो गळला हा मालकाचा भाग. पण गळतंय हे दिसूनही दोन महिने गप्प राहिलो, तर फळी फुगली हा आपला भाग. कोथरूडला आमचं असंच झालं होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर आमच्या खात्यावर काहीच पडलं नसतं.

वाळवीचंही तसंच. वाळवी जमिनीतून, भिंतीतून येते. ती तुम्ही आणलेली नसते, आणि बाजारातला स्प्रे मारून ती जात नाही. स्प्रेने ती तिथून हटते आणि दुसरीकडून वर येते, वर आपल्याला वाटतं की गेली. फोटो काढून त्याच दिवशी मालकांना कळवा. भिंतीत भोकं पाडून औषध भरायचा निर्णय आणि खर्च त्यांचा. आपलं काम म्हणजे कपाट रिकामं करून देणं आणि माणसाला घरात येऊ देणं.

कपाटामागे बुरशी आली तर आधी भिंत बघा. रंग फुगलेला किंवा पोपडे आलेले असतील तर भिंतीत ओल आहे, म्हणजे मालकाचा किंवा सोसायटीचा विषय. भिंत कोरडी असेल तर कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे घ्या आणि पावसाळ्यात ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका.

४. मालकांना कळवणं

फोन करायला संकोच वाटतो, विशेषतः मालक वयाने मोठे असले की. म्हणून आधी संदेश पाठवावा, मग फोन करावा. संदेशात चारच गोष्टी हव्यात: काय झालं, कधी, आत्ता काय केलं आणि पुढे काय करावं असं आपल्याला वाटतं.

मी मागच्या वर्षी पाठवलेला संदेश असा होता:

"नमस्कार काका. आज सकाळी छोट्या बेडरूममधल्या कपाटाचं उजवं दार वरच्या बिजागरीतून निखळलं. दार उतरवून भिंतीला टेकवून ठेवलंय, दुसरं काही तुटलेलं नाही. फोटो पाठवतेय. बिजागरीच्या जागचं बोर्ड भुसभुशीत झालंय असं दिसतं. तुमचे नेहमीचे सुतार असतील तर त्यांचा नंबर द्याल का? नाहीतर मी इकडच्या मिस्त्रींना दाखवून अंदाज घेते आणि तुम्हाला विचारूनच काम करते."

"विचारूनच काम करते" हे शब्द त्यात जरूर असू द्या. चूक आपली असेल तर तीही त्यातच लिहा: "माझ्या हातून झालं, खर्च मी करेन." माझ्या अनुभवात असं लिहिल्यावर अर्ध्याहून अधिक वेळा समोरून निम्मा खर्च उचलला गेलाय.

चांगल्या हेतूनेही परस्पर दुरुस्ती करू नये. मालकांच्या सासऱ्यांनी करून घेतलेलं सागवानी टेबल असतं, आणि आपण त्यावर दुकानातलं चकचकीत वॉर्निश फासून ठेवतो. आपल्या लेखी ती दुरुस्ती असते, त्यांच्या लेखी दुसरं नुकसान. जुन्या शिसवी किंवा सागवानी वस्तूला तर परवानगी मिळाली तरी स्वतः हात लावू नका. ते काम पॉलिशवाल्याचं.

५. घरच्या घरी जमण्यासारखं

परवानगी आल्यावर काही कामं एका स्क्रूड्रायव्हरवर होतात.

दार खाली आलंय किंवा शेजारच्या दाराला घासतंय: हल्लीच्या कपाटांना बहुधा ऑटो हिंज असतात. दार उघडून बिजागरी बघा, तिच्या पट्टीवर दोन स्क्रू दिसतील. दाराकडचा फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं. मागचा सैल केला की आत-बाहेर होतं. एका वेळी अर्धाच फेरा द्या, दार लावून बघा, मग पुढचा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सुताराच्या फेरीचे पैसे वाचतात.

स्क्रू नुसता फिरतोय, धरत नाही: म्हणजे भोक मोठं झालंय. भाड्याच्या घरांत ही तक्रार सर्वांत जास्त येते, कारण बरंचसं फर्निचर पार्टिकल बोर्डचं असतं. लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेला बोर्ड स्क्रूला एकदाच नीट धरतो. आगकाड्यांचा गूल काढून टाका, काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकून गच्च बसवा, वर आलेलं टोक कापा. पूर्ण एक दिवस वाळू द्या. इथे सगळे घाई करतात आणि संध्याकाळीच स्क्रू पिळतात. मग काड्या फिरतात आणि भोक आणखी वाढतं. दुसऱ्या दिवशी स्क्रू हाताने बसवा, ड्रिलने नको. बोर्डचा तुकडाच उडाला असेल तर काड्यांनी भागत नाही. तिथे सुतार प्लायचा तुकडा बसवतो किंवा बिजागरी दोन इंच वर-खाली सरकवतो.

ड्रॉवर अडकतोय: जुना लाकडी ड्रॉवर असेल तर कडांवर मेणबत्ती घासा. टेलिस्कोपिक चॅनल असेल तर आधी आत साचलेली धूळ ब्रशने काढा. गोळ्या निघाल्या असतील तर चॅनल बदलायचं. ते जोडीनेच मिळतं आणि दोन-दोन इंचांच्या फरकाने लांब्या असतात. मिटलेल्या स्थितीत लांबी मोजा, किंवा सरळ जुनं चॅनल घेऊन दुकानात जा. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एका फेरीत बिजागरी, चॅनल, मूठ सगळं मिळतं. बिजागरी घेताना दुकानदार "झिरो, आठ की सोळा?" असं विचारतो. तो बिजागरीचा बाक असतो आणि दार चौकटीवर कसं बसतं त्यावर ठरतो. जुना नग दाखवला की प्रश्नच येत नाही.

कडेची पट्टी सुटली: कारखान्यात बनलेल्या कपाटाची पट्टी गरम गोंदाने चिकटवलेली असते. वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा, मग लगेच कोरड्या कापडाने दाबून धरा. बहुतेक वेळा तोच गोंद पुन्हा पकडतो. सुताराने घरी बनवलेलं असेल तर आतली धूळ काढून, फेव्हिकॉल लावून, चिकटपट्टीने रात्रभर बांधून ठेवा.

पॉलिश केलेल्या टेबलावर पांढरं वर्तुळ: गरम भांड्याने पॉलिशमध्ये ओल अडकली की असं होतं. हेअर ड्रायर मंद ठेवून, हलवत राहून थोडं थोडं गरम करा. मग मऊ कापडाने खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. डाग काळा असेल तर पाणी लाकडापर्यंत पोचलंय, तिथे हे चालणार नाही.

फुगलेलं पार्टिकल बोर्ड मात्र परत बसत नाही. दाबून, वाळवून, घासून काही होत नाही, आम्ही सगळं करून पाहिलं होतं. ती फळी बदलायची, आणि बदलताना सिंकखाली पाणी सहन करणारा प्लाय घालायचा. प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असेल तर तो मरीन दर्जाचा, सिंकखाली तोच उत्तम. थोडा महाग पडतो. मालकांना एवढं समजावलं तर ते वरचा फरक देतात, कारण फळी शेवटी त्यांच्याच घरात राहणार असते.

६. सुतार बोलावताना

सोसायटीच्या ऑफिसात आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी दुपारी ठोकाठोक चालत नाही, आणि कारागिराची गेटवर नोंद करावी लागते.

मिस्त्रींना फोटो पाठवून मजुरी आणि सामान वेगवेगळं सांगायला लावा. तो अंदाज मालकांना पुढे पाठवा आणि "चालेल" असं उत्तर आल्यावरच काम सुरू करा. सनमायका बदलायचा असेल तर एक अडचण येतेच: कपाट पाच-सहा वर्षांचं असेल तर तोच शेड बहुधा बंद झालेला असतो. मग एकच दार वेगळं दिसतं आणि मालक सगळी दारं बदला म्हणतात. अशा वेळी मी कपाटाच्या आतल्या किंवा कमी दिसणाऱ्या दाराशी अदलाबदल सुचवते, किंवा दोन्ही बाजूंची दारं जाणूनबुजून वेगळ्या जुळत्या रंगाची करायची. ते ठरवून केल्यासारखं दिसतं. पण हेही आधी फोटो दाखवूनच.

काम झाल्यावर बिल घ्या. मिस्त्रींकडे बिलबुक नसेल तर वहीच्या कागदावर तारीख, काम, रक्कम, सही. पैसे यूपीआयने दिले तर नोंद आपोआप राहते.

७. वस्तू बदलायचीच असेल तर किती द्यायचे?

जुन्या वस्तूच्या बदल्यात नवी कोरी वस्तू मागितली जाते, तिथे गाडी अडते. सहा वर्षं वापरलेलं डायनिंग टेबल मोडलं, तर पूर्ण नव्या टेबलाचे पैसे देणं न्याय्य नाही. समजा तसं टेबल आज १२,००० रुपयांना मिळतं आणि ते दहा वर्षं टिकेल असं दोघांनी धरलं. सहा वर्षं वापरून झाली, उरली चार. म्हणजे ४,८०० रुपये. हे गणित कायद्यात लिहिलेलं नाही, पण कागदावर मांडून दाखवलं की बोलणं रागावरून आकड्यांवर येतं. किमतीसाठी दोन दुकानांचे दर सोबत ठेवा. तशीच चांगली जुनी वस्तू आणून देण्याचाही पर्याय द्या. मुंबईत ओशिवऱ्याच्या बाजारात अशी मजबूत जुनी टेबलं, कपाटं मिळतात.

फर्निचर मालकाचं नसून भाड्याने देणाऱ्या कंपनीचं असेल तर त्यांचा करार वेगळा असतो. नुकसानीचं कलम तिथे वाचा, घराच्या कराराशी त्याची सरमिसळ करू नका.

८. घर सोडताना

नोटीस दिली की त्याच आठवड्यात पहिल्या दिवसाचा व्हिडिओ काढून बसा आणि घर त्याच क्रमाने फिरा. जे राहिलं असेल ते करून घ्यायला मग महिना हातात असतो. शेवटच्या दिवशी, पॅकर्सचा ट्रक खाली उभा असताना, फक्त भांडणं होतात.

सामान हलल्यावर मालकांसोबत रिकाम्या घरातून फिरा, यादी हातात घेऊन. कापायची रक्कम कशाकशाची आहे ते वस्तुवार लिहून घ्या आणि पावत्या मागा. "पेंटिंग आणि फर्निचरचे मिळून वीस हजार" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे विचारा, "काका, यात फर्निचरचे किती आणि कुठल्या वस्तूचे?" किल्ल्या देताना किती किल्ल्या, कुठली तारीख, डिपॉझिट किती आणि कधीपर्यंत, एवढं लिहून दोघांनी सही करा.

एक चूक मी ओळखीच्या मुलांना करताना पाहिली आहे: "डिपॉझिट मिळेपर्यंत घर सोडणार नाही." करार संपल्यावर तिथे राहणं महागात पडतं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकरणाकडे जाऊ शकतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे द्यावे लागू शकतात. घर वेळेवर सोडा, ताबा दिल्याचा कागद घ्या आणि डिपॉझिटचा प्रश्न वेगळा लढा. आधी ईमेल किंवा पोस्टाने लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस. पोलीस चौकीत गेलात तर बहुधा हा दिवाणी मामला आहे असंच सांगतील. नोटिशीपर्यंत गोष्ट गेली तर वकील पहिली मागणी करतील ती यादीची, पहिल्या दिवसाच्या फोटोंची आणि मधल्या संदेशांची. म्हणून जुना फोन विकण्याआधी ते चॅट ईमेलवर पाठवून ठेवा, आणि डिपॉझिटचा शेवटचा रुपया खात्यात येईपर्यंत ती तुटक्या बिजागऱ्यांची पिशवीसुद्धा फेकू नका.